टाकी मोठी की इंजिन मोठं?

वाहन निवडणं ही चैन आमच्या पिढीच्या वाट्याला आली नाही. आमच्या काळी वाहन माणसाला निवडायचं. स्कूटरसाठी नाव नोंदवायचं, अनामत भरायची आणि विसरून जायचं. मी नाव नोंदवलं तेव्हा अविवाहित होतो. नंबर लागला तेव्हा कन्या हँडल धरून पुढे उभी राहण्याइतकी मोठी झाली होती. रंग कोणता हवा, हे कुणी विचारलं नाही. निळी आली. म्हणून निळा आवडू लागला.

तेव्हा परवा रोह्याला त्याच कन्येकडे गेलो असताना नातवाने कॉम्प्युटरवरून नजर न काढता, "आजोबा, टाकी मोठी घेऊ की इंजिन मोठं घेऊ?" असं विचारलं, तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. वाहनाच्या बाबतीत माझं मत घेण्याची पद्धत आमच्या घरातून केव्हाच बंद झाली आहे. मोतीबिंदू निघाल्यापासून आमची ही आणि कन्या यांनी संयुक्त आघाडी करून स्कूटरची किल्ली देवघरातल्या खणात ठेवली आहे. स्कूटर पेणला अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे आणि 'ती एकदा काढून टाका' हा विषय दर चतुर्थीला निघतो.

नातू डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे हा मोठ्यांचा म्हणवणारा खेळ खेळायला तो कायद्याने मोकळा आहे. खेळाचं नाव 'डेज गॉन'. २०१९ साली निघालेला. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात साथ येते आणि माणसांचे झॉम्बी होतात. डीकन सेंट जॉन नावाचा एक दाढीवाला गृहस्थ बंदूक आणि मोटारसायकल घेऊन त्यातून वाट काढतो.

आता भुतांचं मला कौतुक नाही. कोकणात भुतांना तोटा कधीच नव्हता. पण आपलं भूत पत्ता धरून राहणारं. अमक्या पिंपळावरचा मुंजा, तमक्या विहिरीवरची हडळ. ती जागा टाळली की झालं. झॉम्बी हा प्रकार निराळा. तो शेकड्यांनी येतो, धावत येतो आणि अंगावर पडतो. पेण स्टँडवर गणपतीच्या आदल्या दिवशी एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकायला जशी गर्दी तुटून पडते, तसा तो एकूण देखावा. मला त्यात भीतीपेक्षा ओळखीचंच जास्त वाटलं.

नातू आधी मोबाइलवर पबजी खेळायचा. त्यातही २०१९च्या फेब्रुवारीत झॉम्बी आले होते. तिथे गाड्यांची चंगळ. डासिया नावाची मोटार, जीप, बग्गी, शिवाय 'शोले'मधल्यासारखी बाजूला डबा जोडलेली मोटारसायकल. पण निवड अशी नाहीच. समोर दिसेल त्यात बसायचं आणि टायर फुटला की टाकून पळायचं. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्या खेळावर बंदी घातली तेव्हा नातू दोन दिवस जेवला नाही. पुढच्या वर्षी तो खेळ नाव बदलून परत आला, पण तोवर याचं मन उडालं होतं. मला विचाराल तर ते बरंच झालं. गाडी टाकून पळणाऱ्या माणसाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

या डीकनची गोष्ट वेगळी. त्याची गाडी एकच. खेळाच्या सुरुवातीलाच ती हातची जाते, तिचे भाग काढले जातात आणि त्याला ती पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागते. छावणीत मेकॅनिक आहे. कामं करून पत मिळवायची आणि त्या पतीवर एकेक भाग घ्यायचा. उधारी नाही. नातवाच्या मनात अर्थातच मोठं इंजिन, वर नायट्रोची नळकांडी आणि टाकीवर कवटीचं चित्र.

"आधी टाकी," मी म्हणालो. "मग सायलेन्सर. इंजिन सगळ्यात शेवटी."

"आजोबा, झॉम्बी मागे लागलेत आणि तुम्ही सायलेन्सर काय घेऊन बसलात!"

"ते मागे का लागलेत? तुझा आवाज ऐकून."

खेळाचा नियमच तो आहे. मोटारसायकल जितकी फडफडेल तितक्या लांबून ही मंडळी कान टवकारतात. पुंगी चांगली बसवली की आवाज कमी होतो आणि निम्मी भांडणं टळतात. आमच्या आळीत रात्री अकराला सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फिरवणाऱ्या पोरांना हा खेळ सक्तीने खेळायला लावावा असं मला वाटतं.

टाकीचंही तसंच. गाडी पेट्रोल पिते. ते भर जंगलात संपलं की हा शूर माणूस गाडी ढकलू लागतो आणि मागून शे-दोनशे लोक येतात. पंप मात्र चालू आहेत. जग बुडालं तरी पंपावर पेट्रोल आहे आणि तेही फुकट, ही कल्पना मला झॉम्बींपेक्षा जास्त अद्भुत वाटली. पण पंप गाठायचा कसा? इथे मी माझी विद्या काढली.

"उतार आला की ॲक्सिलरेटर सोड. गाडी आपली आपण जाते."

नागोठण्याहून रोह्याला येताना भिसे खिंड लागते. मी ऐन उमेदीत खिंडीचा माथा गाठला की गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन बंद करत असे आणि वाऱ्याचा आवाज ऐकत खाली येत असे. वाहतुकीच्या शास्त्रात ते बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पगारात बसत असे. गाडी रिझर्व्हला लागली, मग रिझर्व्हही संपलं, की स्कूटर आडवी करायची, टाकीच्या कोपऱ्यातलं चमचाभर पेट्रोल नळीपर्यंत आणायचं, किक मारायची. तेवढ्यावर घर गाठल्याचे प्रसंग आहेत.

नातवाने अविश्वासाने ॲक्सिलरेटर सोडला. गाडी खरंच डोंगरावरून निःशब्द उतरू लागली. काटा हलला नाही. रस्त्याच्या कडेला झॉम्बींचा मोठा घोळका होता, त्यातल्या कुणी वळूनही पाहिलं नाही. नातवाने माझ्याकडे पाहिलं. गेल्या चार वर्षांत त्याने इतक्या आदराने माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

मग आम्ही रोज बसू लागलो. तो हँडलवर, मी मागे. "रस्त्याकडे बघ. वळणावर आवर." रस्त्यात मानेच्या उंचीवर दोर बांधून लुटणारेही भेटतात. शिमग्यात आमच्याकडे पोरं रस्त्यावर दोरी धरून पोस्त मागतात, पण ती निदान पाच-दहा रुपयांत दोरी खाली करतात. सस्पेन्शन घ्यावं का, हा प्रश्न नातवाने विचारला तेव्हा मी हसलो. पळस्पे ते इंदापूर हायवेचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं मी त्यावरून वडखळ-नागोठणे केलं आहे. मी काय सांगणार? घे म्हटलं. वेगाचं मात्र मी ऐकून घेतलं नाही. पेणमध्ये ड्रायव्हरची परीक्षा वेगावर होत नाही. पेणहून टेम्पोत गणपती भरायचा आणि मुक्कामी सोंड शाबूत उतरली तर ड्रायव्हर चांगला.

आमची ही एकदा मागे उभी राहून बघत होती. जिनाच्या पिशव्या घ्यायचं चाललं होतं. त्यात काडतुसं मावतात. ती म्हणाली, "भाजीची पिशवी कुठे अडकवायची?" प्रश्न योग्य होता. आमच्या स्कूटरला पुढे हुक आहे.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. इथवर झालेला खेळ राखून ठेवायचा असेल तर दोनच ठिकाणी तो ठेवता येतो, बिछान्याजवळ किंवा मोटारसायकलजवळ. मला घरच्यांनी बिछाना ठेवला आहे. मी हे कुणाला बोललो नाही. नातवाला बहुधा कळलं. कारण तो त्या दिवशी उगाचच म्हणाला, "आजोबा, तुमची स्कूटर चालू होते का हो अजून?"

शनिवारी तो दिवा-रोहा गाडी उलटी पकडून माझ्याबरोबर पेणला आला. आम्ही ताडपत्री काढली. कार्ब्युरेटर साफ केला, प्लग घासला, पेट्रोल-ऑइल घातलं. सतराव्या किकला ती खोकली, अठराव्याला सुरू झाली. अंगण निळ्या धुराने भरलं. ही दारात आली, नाकाला पदर लावला आणि काही न बोलता आत गेली.

रविवारी कन्येने पाठवलेलं गिऱ्हाईक आलं. जुन्या स्कूटर घेऊन रंगवून विकणारा माणूस. त्याने गाडीला एक चक्कर मारली, पत्र्यावर बोट वाजवलं, टायर दाबला आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

मी तोंड उघडण्याआधी नातू पुढे झाला. चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, "उतार धरून, की न धरता?"