आगोटीची कामं

वैशाख उतरणीला लागला की कोकणात माणसं छपरांवर दिसू लागतात. शाकारणी करणारा गडी रिपांवर जपून पाय ठेवत सरकतो, एकेक कौल उचलतो, झाडतो, बोटानं वाजवून बघतो. खणखणलं तर पुन्हा जागेवर, बद्द वाजलं तर खाली. वर्षभरात वानरांनी छपरावर धिंगाणा घातलेला असतो, नारळ पडलेले असतात, फणसाचा पाला कौलांच्या पन्हळीत कुजून बसलेला असतो. हा पाला सगळ्यांत घातकी. त्याला अडलेलं पाणी मागे फिरतं आणि कौलाखालून घरात उतरतं.

चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस जिथे कोसळतो, तिथलं जुनं घर पाण्याशी झुंजत नाही, त्याला वाट काढून देतं. उतार मोठा, वळचण भिंतीच्या बरीच पुढे, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून लांब पडतात. नैर्ऋत्येकडची झड पडवीत येऊ नये म्हणून माडाच्या चुडतांची झापं बांधायची, कारण भिंतींचा जांभा दगड पाणी पितो. चुलीचा धूरही या राखणीत होता. तो वाशांना कोरडं ठेवी, किडीला लांब ठेवी.

तरी आगोटीत, म्हणजे पावसाच्या तोंडावर, केलेलं काम अर्धंच. उरलेलं पहिल्या मोठ्या सरीत व्हायचं. कुठेतरी टप् वाजतं, घरातलं कुणी दिवा घेऊन माळ्यावर चढतं आणि खालूनच काठीनं हलकेच कौल सारखं करतं. पाच मिनिटांचं काम, पण त्यासाठी घरात माणूस लागतो.

बंद घरात ते टिपकणं कुणी ऐकत नाही. आधी रीप कुजते, मग वासा. मग पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर पडू लागतं आणि मातीत रचलेले चिरे सुटतात. पडक्या घरांची ही सुरुवात पाहिली की जीव तुटतो. सरकलेल्या एका कौलापायी तीन पिढ्यांचं घर जातं.

वादळापुढे मात्र ही सगळी तयारीही तोकडी पडते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा नीट शाकारलेली छपरंही उडाली. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेलं. त्या धास्तीनं कौलं उतरवून स्लॅब घालणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण स्लॅबलाही भेगा पडतात, त्याच्याही पाइपात पाला अडकतो. म्हणून तर गावोगाव स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड चढते आहे.

मे महिन्यात आंब्यांसाठी गावी जाणाऱ्यांनी परतण्याआधी गड्याला छपरावर चढवावं, मजुरी हातावर ठेवावी, किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यावी. आणि पहिला मोठा पाऊस झाल्याचं कळलं की त्यांना फोन करून विचारावं, ‘काकू, माळ्यावर जरा कुणाला पाठवता का?’