९ विजय आणि एक नकार

मुलांना बंधुता समजावताना आम्ही सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघाची गोष्ट सांगतो. १९५१ च्या हंगामात अमेरिकन फुटबॉलचे ९ पैकी ९ सामने या संघाने जिंकले. हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याला मात्र अट होती : ऑली मॅट्सन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवून या! बाकीच्या खेळाडूंनी साफ नकार दिला. सामना गेला, त्याचे पैसे गेले. विद्यापीठाने तो संघही बंद केला. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये मॅट्सनने धावण्यात दोन पदके मिळवली. अन्याय सोसणारा लढतोच. पण ज्याला झळ लागत नाही, त्यानेही तोंडचा घास सोडून शेजारी उभे राहावे, हीच बाबासाहेबांची बंधुता, असे आम्ही मानतो.