कारण न सांगणारं पुस्तक

आमच्या घरातलं मराठी बायबल आईच्या माहेरचं, नागपूरचं. बाबांना उकव्याच्या मँगनीज खाणीच्या कचेरीत नोकरी लागली, तेव्हा तिच्या ट्रंकेतून ते बालाघाटचा घाट चढून आलं. इकडे शाळा हिंदीत, रविवारची उपासना हिंदीत, बाजारात हिंदी नि गोंडी. मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत. आईने त्या पुस्तकाला खाकी कव्हर घातलं होतं. आत रेशनकार्ड नि पोस्टाचं पासबुक असायचं. जुना करार संपून नवा सुरू होण्याआधीच्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू तारीखवार लिहिलेले. लहानपणी मी त्यातलं तेवढंच पान आवडीने वाचत असे.

लग्नानंतर मी परसवाड्याला आले, शाळेत शिकवू लागले. आई गेल्यावर पुस्तक माझ्याकडे आलं. कोऱ्या पानावर माझ्या मुलाचा जन्म मीच लिहिला.

तो तिसरीत असताना पाऊस सरता सरता त्याला ताप भरला. सालाच्या जंगलालगतच्या आमच्या गावांना मलेरिया नवा नाही, पण हा मेंदूत गेला. बालाघाट, तिथून गोंदिया. नागपूर गाठायच्या आतच सगळं संपलं.

मग माणसं येऊ लागली आणि प्रत्येकाने एकेक कारण आणलं. कुणी म्हणालं, देवाला चांगलीच मुलं आवडतात. कुणी म्हणालं, बाई, ही तुमच्या विश्वासाची परीक्षा आहे. कुणाला पूर्वजन्म दिसला, कुणाला आमच्या प्रार्थनेतली कसूर. शेजारची गोंड आजी तेवढी काही बोलली नाही. रोज सकाळी ओसरीवर येऊन बसायची, सूप ओढून घेऊन तांदूळ निवडायची आणि उन्हं चढली की उठून जायची.

त्या दिवसांत मी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक पहिल्यांदा सलग वाचलं. ईयोब म्हणजे सगळी मुलं गमावूनही सहनशील राहिलेला माणूस, असं रविवारच्या शाळेत शिकवलेलं. पण ती सहनशीलता पहिल्या दोन अध्यायांपुरतीच. तिसऱ्यात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे देवालाच जाब विचारतो. त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात. त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. मग ते बोलू लागतात, आणि पानंच्या पानं एकच सांगतात : तुझंच काही चुकलं असणार. शेवटी देव रागावतो तो या समजावणाऱ्यांवर. तक्रार करणाराच माझ्याविषयी नीट बोलला, असं म्हणतो. ईयोबाला मात्र कारण कधीच कळत नाही. देव वादळातून बोलतो, पण नुसते प्रश्नच विचारतो.

ईयोबाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली झाल्या, हा शेवट मला आजही पटत नाही. गेलेलं मूल दुसऱ्या मुलाने भरून निघत नाही. तरी ते पुस्तक मी मिटलं नाही, कारण माझा राग त्यात आधीच लिहिलेला होता. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचा शब्द नाही. तेही प्रार्थनेतच मोजलं गेलं. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आली तीही बाविसाव्या स्तोत्राची तक्रारच. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडे निघताना रडला. अशा देवापुढे मला शहाण्यासारखं वागायची गरज उरली नाही.

आई पंडिता रमाबाईंबद्दल फार बोलायची. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि बहीण गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या, उपाशी, निराधार मुली गोळा करून घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन अशाच मुलींनी भरलं. तेव्हा आमचा बालाघाटही मध्य प्रांतातच होता. स्वतःची उपासमार त्यांना का भोगावी लागली, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. पण भुकेल्या मुलीच्या चेहऱ्याची त्यांना कुणी ओळख करून द्यावी लागली नाही. 1921 मध्ये त्यांची एकुलती मनोरमा वारली. बायबलचं मराठी भाषांतर तेव्हाही त्यांच्या हाती होतं. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या.

माझं काम त्यापुढे काहीच नाही. वर्गातलं मूल दोन दिवस दिसलं नाही की मी त्याच्या घरी जाते. अंगात ताप असेल तर त्याच दिवशी आशाताईंकडून रक्त तपासून घेते. झाडफूक मग करा, म्हणते. काही मुलं वेळेवर दवाखान्यात पोचली. यासाठीच माझा मुलगा गेला, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. त्याचं जाणं चांगलं ठरवण्याचं काम माझ्या विश्वासाने माझ्याकडून मागितलेलं नाही. तो गेल्यावर उरलेलं आयुष्य कुठे वापरायचं, एवढंच विचारलं आहे.

कोऱ्या पानावर त्याच्या जन्मतारखेपुढे दुसरी तारीख लिहायला मी फार उशीर केला. आता ती लिहिलेली आहे.

तुम्ही कुणाच्या दुःखाच्या घरी जाल, तेव्हा कारण घेऊन जाऊ नका. डबा न्या, गुरांना पाणी दाखवा, बँकेचं काम करून द्या, नाहीतर नुसते बसा. आणि घरातल्या कुणी विचारलंच, असं का झालं, तर माहीत नाही म्हणा. ते खरं आहे, आणि ऐकणाऱ्याला तेच सोसतं.