मेलेल्या माणसाला दिलेलं मत

आपल्याकडे राज्यपाल म्हणजे दिल्लीहून नेमून आलेला माणूस. मेक्सिकोत मात्र राज्याचा गव्हर्नर लोक थेट निवडून देतात. म्हणजे कामाच्या दृष्टीने तो आपला मुख्यमंत्रीच म्हणा ना! आता आपल्याकडे मुख्यमंत्री गेला तर आमदार नवा नेता निवडतात. १९६३ साली कन्नमवार गेले, वसंतराव नाईक आले. जनतेला कुणी पुन्हा विचारलं नाही.

मेक्सिकोतल्या प्वेब्ला राज्यात मात्र विचारलं. तिथली हकीकत वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

१ जुलै २०१८ च्या निवडणुकीत मार्था एरिका अलोन्सो यांनी मिगेल बार्बोसा यांना हरवलं. निकालावरून प्रचंड भांडण. मतं पुन्हा मोजली, शेवटी न्यायाधिकरणाने ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल कायम केला. १४ डिसेंबरला शपथविधी, राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर! आणि २४ डिसेंबरला हेलिकॉप्टर कोसळून त्या गेल्या. बरोबर त्यांचे पती, माजी गव्हर्नर राफाएल मोरेनो वाये, तेही. जेमतेम दहा दिवस..

मुदतीच्या सुरवातीलाच जागा रिकामी झालेली, म्हणून काही महिने हंगामी गव्हर्नर नेमून २ जून २०१९ ला पुन्हा मतदान घेतलं. जिंकलं कोण? बार्बोसा! पण मतदान झालं जेमतेम एक तृतीयांश.

आईला हे सगळं सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "मग त्या बाईला मत दिलेल्यांचं काय झालं रे?"

खरंच, काय झालं? मत काही वारसाहक्काने पुढे जात नाही. ते त्या माणसाबरोबरच संपतं. पुन्हा रांगेत उभं राहायचं, तेही दुःख, संशय, कंटाळा सगळं घेऊन. बरेच जण घरीच बसले याचं मला नवल वाटत नाही. त्यात पुढे बार्बोसा जाहीरपणे म्हणाले, की निवडणूक आपल्याकडून चोरली होती, पण देवाने त्यांना शिक्षा केली. गेलेल्या माणसांबद्दल असं बोलावं? मतपेटीने सत्ता दिली, पण भांडण काही मिटवलं नाही.

१३ डिसेंबर २०२२ ला बार्बोसाही पदावर असतानाच वारले. तेव्हा मुदत बरीच सरली होती, म्हणून विधिमंडळानेच सेर्खियो सालोमोन सेस्पेदेस यांना नेमलं. मतदान नाही. आपल्यासारखंच.

सोपं, स्वस्त, हे मान्य. तरीही मला पहिलीच पद्धत पटते. कमी लोक आले, पण निदान त्यांना विचारलं तरी! तुम्हाला काय वाटतं?