नॅशनल्सचा ईमेल

ओहायोतल्या ज्या सरकारी विद्यापीठात मी मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकवतो, तिथे प्रत्येक विद्यार्थी संघटनेला एक प्राध्यापक ॲडव्हायझर लागतो. थर्मोडायनॅमिक्सच्या वर्गातला एक मुलगा फॉर्मवर सही मागायला आला आणि मी त्याच्या फ्रॅटर्निटीचा ॲडव्हायझर झालो. ग्रीक अक्षरांचं नाव, गुप्त विधी, एका मोठ्या घरात राहणारी वीस-एकवीस वर्षांची पोरं. पुण्यात हॉस्टेलवर राहिलेल्या मला हे सगळं जरा पोरकट वाटायचं, अजूनही वाटतं. पण ओहायोत हे प्रकरण जुनं आहे. इथल्या ऑक्सफर्ड गावातल्या मायामी विद्यापीठात 1839, 1848 आणि 1855 साली बीटा थीटा पाय, फाय डेल्टा थीटा आणि सिग्मा काय या तीन मोठ्या फ्रॅटर्निटी सुरू झाल्या. आमच्या पोरांची फ्रॅटर्निटी या तिघींपैकी नव्हे. रचना मात्र सगळीकडे साधारण सारखीच: कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर, चॅप्टरला मान्यता देणारं चार्टर मुख्यालयाकडून येतं, आणि मुख्यालयाला पोरं ‘नॅशनल्स’ म्हणतात.

एका फॉल सेमिस्टरमध्ये नॅशनल्सकडे निनावी तक्रार गेली. नव्या मुलांना रात्र रात्र जागवतात, हाउस घासायला लावतात, दारू पाजतात. लगेच ईमेल आला की सगळं कामकाज बंद. बैठका नाहीत, एकत्र कार्यक्रम नाहीत, अंगावर अक्षरांचा टीशर्टसुद्धा नाही.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. 2017 मध्ये पेन स्टेटला टिमथी पियाझा हा मुलगा फ्रॅटर्निटीच्या घरात जिन्यावरून पडला आणि ॲम्ब्युलन्स बोलवायला बाकीच्यांनी जवळजवळ बारा तास लावले. तो वाचला नाही. आमच्याच राज्यात 2018 मध्ये कॉलिन वायंट हा विद्यार्थीही अशाच प्रकरणात गेला. त्याच्या नावाचा कायदा 2021 मध्ये आला, त्यानं हेझिंगची, म्हणजे नव्या मुलांच्या छळाची, शिक्षा वाढवली आणि असं काही कळलं तर ते कळवण्याची सक्ती प्राध्यापकांवरही आली. तक्रार आल्यावर आधी दार बंद करा, मग बघा, हे मला मान्यच होतं. माझं भांडण त्या ‘मग बघा’शी आहे.

बघायला आले ते नॅशनल्सचे दोन कर्मचारी, दोघंही नुकते कॉलेजातून बाहेर पडलेले. याला मेंबरशिप रिव्ह्यू म्हणतात. विद्यापीठाच्या एका खोलीत प्रत्येकाला एकेकटं बोलवायचं, फोन बाहेर ठेवायला लावायचा, आणि प्रश्न विचारायचे. तक्रार नेमकी काय आहे, कोणत्या रात्रीची आहे, कोणाबद्दल आहे, हे कोणालाच सांगितलं नाही. मी आत बसू का, असं विचारलं, तर नाही म्हणाले. एका मुलाला विचारलं, ‘तुझ्या मते चॅप्टरमधून कोणाला काढावं?’ त्यानं नाव घेतलं नाही. तो चौकशीला सहकार्य करत नाही अशी नोंद झाली, हे आम्हाला फार पुढे कळलं.

मग निकाल, तोही ईमेलनं. चार्टर रद्द, सेमिस्टर संपताच हाउस रिकामं करा. कारण म्हणून एकच वाक्य होतं: आरोग्य आणि सुरक्षिततेच्या धोरणाचं उल्लंघन.

त्या चॅप्टरमध्ये एक मराठी मुलगा होता. त्याची आई लग्नाआधी साताऱ्याला सहकार खात्यात नोकरीला होती. तिचा फोन आला. ‘अहो सर, आमच्याकडे एखाद्या पतसंस्थेचं संचालक मंडळ बरखास्त करायचं म्हटलं तरी आधी कारणे दाखवा नोटीस जाते. उत्तराला मुदत असते. इथे अमेरिकेत तेवढंही नाही?’

आहे, पण सगळीकडे नाही. सरकारी विद्यापीठाला विद्यार्थ्याला काढून टाकण्याआधी आरोप सांगावा लागतो आणि त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. अलाबामातल्या काळ्या विद्यार्थ्यांना उपाहारगृहात वर्णभेदाविरुद्ध धरणं धरल्याबद्दल कॉलेजातून काढलं होतं, त्या डिक्सन खटल्यात 1961 साली हे तत्त्व रुजलं. फ्रॅटर्निटी मात्र खाजगी संस्था, तिला राज्यघटनेतलं हे बंधन लागू नाही. न्यायालय फार तर एवढं बघतं की संस्थेनं स्वतःचे नियम पाळले की नाही.

म्हणून आम्ही नियम काढून बसलो. चार्टर काढून घेण्याआधी लेखी नोटीस आणि सुनावणी, असं त्यांच्या घटनेत स्पष्ट लिहिलेलं होतं. दोन पानं पुढे दुसरं कलम: आणीबाणीच्या प्रसंगी कार्यकारी मंडळ तत्काळ योग्य ती कारवाई करू शकेल. आणीबाणी किती काळ चालते, हे कुठेच नव्हतं. अपील राष्ट्रीय अधिवेशनापुढे करता येत होतं, आणि ते भरतं दोन वर्षांनी एकदा.

त्याच सुमारास विद्यापीठाची स्वतंत्र चौकशी चालू होती. ती संथ होती, रटाळ होती, आणि मला फार आवडली. पत्रात तारखा होत्या, कोणता नियम मोडल्याचा आरोप आहे ते होतं, कागदपत्रं आधी बघायला मिळाली. सुनावणीला पहिल्या वर्षाचा तो मुलगा आला, ज्याला एका रात्री दारू पाजल्यावर इमर्जन्सी रूममध्ये न्यावं लागलं होतं. तक्रार त्यानं केलीच नव्हती. नॅशनल्सचे लोक त्याच्याशी एकदाही बोलले नव्हते. त्यानं शांतपणे सांगितलं, पाजणारे दोन सीनियर होते. तिसऱ्यानं त्यांच्याशी भांडून त्याला गाडीत घातलं आणि रात्रभर हॉस्पिटलात बसून राहिला.

नॅशनल्सच्या यादीत हे तिघंही एकाच रकान्यात होते: मुदतीआधी अल्युमनाय. पाजणारे दोघं आजही त्या फ्रॅटर्निटीचे सन्माननीय माजी सदस्य आहेत.

बंद करण्याची घाई का, हे मला समजतं. खटला झाला तर वकील राष्ट्रीय संस्थेलाच धरतात, विम्याचा हप्ता वाढतो, आणि आम्ही तातडीनं पावलं उचलली हे दाखवायला एक तारीख हाताशी लागते. पण घाईचा निर्णय दोन्हीकडे फसतो. 2014 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या फाय काप्पा साय चॅप्टरवर ‘रोलिंग स्टोन’नं सामूहिक बलात्काराचा आरोप छापला आणि विद्यापीठानं सगळ्याच फ्रॅटर्निटींचे कार्यक्रम काही आठवडे थांबवले. पुढे पोलिसांना त्या कथेला आधार सापडला नाही, नियतकालिकानं 2015 मध्ये लेख मागे घेतला, आणि 2017 मध्ये चॅप्टरला 16 लाख 50 हजार डॉलर देऊन खटला मिटवला. आमच्याकडे उलट झालं. आरोप खरा होता आणि तरी दोषी सुटले, कारण कोणी काय केलं हे शोधण्याची गरजच चार्टर रद्द करून संपवली होती.

विद्यापीठानं त्या दोन सीनियरवर वेगळी कारवाई केली आणि चॅप्टरची मान्यता ठरावीक मुदतीसाठी थांबवली. तोवर हाउस दुसऱ्या भाडेकरूंना गेलं होतं.

अपील अधिवेशनात पोचलं तेव्हा बहुतेक मुलं पदवी घेऊन नोकरीला लागली होती. गाडी काढणारा मुलगा स्वखर्चानं गेला. त्याला बोलायला वेळ मिळाला, लोकांनी टाळ्याही वाजवल्या, निर्णय बदलला नाही. त्यानं सोबत घटनादुरुस्तीचा एक प्रस्ताव नेला होता, मसुदा माझा: आणीबाणीचं निलंबन तीस दिवसांत सुनावणी झाली नाही तर आपोआप उठेल, आणि ज्याला इजा झाली त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल देता येणार नाही. पहिल्या अर्ध्या भागाला विरोध झाला. दुसऱ्याला कोणीच विरोध केला नाही, म्हणून तेवढाच वेगळा काढून नियम समितीकडे पाठवला आहे.