‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

आजची पोस्ट थोडी मोठी आहे. विषय पाहून काही जण म्हणतील, हे पत्रकाराचं काम आहे का? पण वाचून पाहा. सुरुवात कम्प्युटरवाल्यांच्या शब्दांपासून आहे, शेवट आपल्या ग्रामसभेत आहे.

आपल्या चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग पट्ट्यात पूर्वी पोरगा शिकला की लोक एकच विचारायचे, मॉईलमध्ये जागा निघाली का? आता बरीच पोरं-पोरी नागपूरच्या मिहानला नाहीतर पुण्याच्या हिंजवडीला धाव घेतात. कोडिंग त्यांना येतं. अडतात ते मुलाखतीत. समोरचा विचारतो, “तुमच्या प्रोजेक्टमध्ये स्प्रिंट किती दिवसांचा होता? बॅकलॉग कोण बघायचं?” मराठी माध्यमातून शिकून गेलेली पोर गप्प बसते. काम तिने केलेलं असतं, त्या कामाचं नाव माहीत नसतं. माझ्या भाचीचा मुलाखतीच्या आठ दिवस आधी फोन आला, “मामा, तुमी पेपरवाले आहा नं, हे शब्द मले आपल्या भाषेत सांगा न.”

म्हणून मी बसून वाचलं, दोन-चार जाणकारांना विचारलं. जे कळलं ते असं.

या पद्धतीचं नाव अजाईल. अजाईल म्हणजे चपळ, वेळेवर वळता येणारा. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी सॉफ्टवेअर क्षेत्रातले १७ लोक जमले आणि त्यांनी ४ मूल्यं आणि १२ तत्त्वांचा एक छोटा जाहीरनामा लिहिला. म्हणणं साधं होतं. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू महत्त्वाची, आणि ठरलेल्या आराखड्याला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला उत्तर देणं महत्त्वाचं. कागद नको असं ते म्हणत नाहीत. कागदाआधी काम बघा म्हणतात.

याच्या आधीच्या पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात, म्हणजे धबधबा. आधी सगळा आराखडा, मग सगळं बांधकाम, मग सगळी तपासणी. एक पायरी संपल्याशिवाय दुसरी नाही. वापरणाऱ्याच्या हातात वस्तू पडते ती एकदम शेवटी. आपल्या जिल्ह्यात हे समजवायला लांब जायला नको. गोसेखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ खर्च होता ३७२ कोटी, पुढे तो हजारो कोटींवर गेला. भिंत उभी राहिली, पाणी अडलं, गावं उठली, पण कालव्यांची कामं वर्षानुवर्षं मागे पडली. धरणाची भिंत दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत बांधता येत नाही, हे मान्य. पण कालवा टप्प्याटप्प्याने पुरा करून, तेवढ्या बांध्यांना पाणी देऊन, चुका दुरुस्त करत पुढे जाता येतं. फरक एवढाच आहे.

आता एकेक शब्द घेऊ.

स्क्रम. अजाईल हा विचार, आणि तो राबवायची सगळ्यात जास्त चालणारी रीत म्हणजे स्क्रम. शब्द रग्बी या खेळातला आहे. खेळाडू खांद्याला खांदा लावून गोळा होतात, तो स्क्रम. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये एका लेखात नवीन वस्तू विकसित करण्याच्या कामासाठी हा शब्द वापरला. पुढे केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी तो सॉफ्टवेअरमध्ये रुजवला.

बॅकलॉग. कॉलेजच्या पोरांना वाटतं राहिलेले विषय. इथे तसं नाही. करायच्या सगळ्या कामांची यादी, आणि तीही महत्त्वाच्या क्रमाने लावलेली. सगळ्यात वर जे आहे ते आधी. क्रम नसेल तर ती नुसती मागण्यांची यादी झाली.

प्रॉडक्ट ओनर. हा क्रम ठरवणारा माणूस. ऐकतो सगळ्यांचं, पण शेवटी जबाबदार तोच. स्क्रमच्या नियमात स्पष्ट लिहिलं आहे की ही एकच व्यक्ती असते, समिती नसते. हे वाचून मला आपल्याकडच्या कितीतरी समित्या आठवल्या.

स्क्रम मास्टर. नावात मास्टर आहे, पण तो साहेब नाही. टीमची अडचण दूर करणं आणि पद्धत नीट पाळली जाते का ते बघणं हे त्याचं काम. मुलाखतीत त्याला बॉस म्हणू नका.

स्प्रिंट. कामाचा ठरलेला तुकडा. जास्तीत जास्त एक महिना, बहुतेक ठिकाणी दोन आठवडे. यादीतली वरची कामं उचलायची आणि तेवढ्या दिवसांत पुरी करायची. मुदत पुढे ढकलायची नाही. काम उरलं तर ते परत यादीत जातं.

डेली स्टँडअप. रोजची १५ मिनिटांची बैठक, बरेचदा उभ्याने. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं. खाणीतल्या घरच्यांना हे सांगायला नको. पाळी सुरू होताना हजेरी लागते, मेट काम वाटून देतो, आधीच्या पाळीत कुठे धोका दिसला ते सांगतो. पण हा स्टँडअप साहेबाला हिशेब द्यायला नसतो, एकमेकांना सांगायला असतो.

युजर स्टोरी. कथा-बिथा काही नाही. वापरणाऱ्याच्या तोंडून लिहिलेली मागणी. मी कोण, मला काय पाहिजे, कशासाठी पाहिजे. उदाहरणार्थ, ‘मी धान विकणारा शेतकरी आहे, माझा नंबर कधी लागेल ते मला मोबाईलवर कळलं पाहिजे, म्हणजे ट्रॅक्टरचं भाडं दोन-दोन दिवस भरावं लागणार नाही.’ तिसरा भाग सगळ्यात मोलाचा, कारण कशासाठी ते कळलं की उपाय बदलता येतो. फार मोठी मागणी असली की तिला एपिक म्हणतात आणि तिचे तुकडे करतात.

स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी. काम किती जड आहे याचा अंदाज तासांत न सांगता गुणांत सांगतात. एका स्प्रिंटमध्ये टीमने किती गुणांचं काम पुरं केलं ती व्हेलॉसिटी. एका टीमचा आकडा दुसऱ्या टीमशी लावायचा नसतो, कारण प्रत्येकाचं माप वेगळं.

कानबान. जपानी शब्द, अर्थ पाटी किंवा कार्ड. टोयोटाच्या कारखान्यातून आला. फळ्यावर तीन रकाने असतात, करायचं, चालू, झालं. खरा नियम मधल्या रकान्याचा आहे. तिथे एका वेळी ठरावीकच कामं ठेवायची. रोवणीत आपल्या बाया हेच करतात. जेवढे पऱ्हे आज रोवून होतात तेवढेच उपटतात. जास्त उपटून बांधावर ठेवले तर सुकतात.

रिव्ह्यू आणि रेट्रो. स्प्रिंट संपली की वापरणाऱ्यांना काम दाखवायचं, तो रिव्ह्यू. मग टीमने आपसात बसून काय जमलं, काय नाही आणि पुढच्या वेळी काय बदलायचं ते ठरवायचं, तो रेट्रोस्पेक्टिव्ह. रिव्ह्यू वस्तूचा, रेट्रो काम करायच्या पद्धतीचा. दोन्हींची गल्लत करू नका.

शेवटचा शब्द डेफिनिशन ऑफ डन, म्हणजे ‘झालं’ची व्याख्या. काम सुरू करण्याआधीच लिहून ठेवायचं की काय काय पुरं झाल्यावर आपण ‘झालं’ म्हणू. त्यातली एक गोष्ट जरी राहिली, तरी काम झालं नाही. नव्वद टक्के झालं वगैरे काही चालत नाही.

या शब्दावर मी थांबलो. आपल्या भागातल्या एका गावात (नाव मुद्दाम घेत नाही) मी बातमीसाठी गेलो होतो. नळयोजना पूर्ण झाल्याचा फलक लागलेला. दारोदार नळ होते. एका बाईंनी तोटी फिरवून दाखवली, नुसती हवा आली. म्हणाल्या, “नळ आला भाऊ, पाणी काई नाई आलं.” फलकही खरा आणि बाईही खरी. ठेकेदाराचं ‘झालं’ म्हणजे पाईप टाकला. कार्यालयाचं ‘झालं’ म्हणजे बिल निघालं. बाईंचं ‘झालं’ म्हणजे गुंड भरला. तिघांची व्याख्या आधी एका कागदावर आलीच नाही.

गंमत म्हणजे सरकारच्या नियमात ही व्याख्या आहे. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. त्यात नुसता नळ मोजायचा नाही, माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी नियमित मिळालं पाहिजे. आणि ‘हर घर जल’ गाव दोन पायऱ्यांनी ठरतं. आधी विभाग सांगतो की झालं. मग ग्रामसभा ठराव करून सांगते की हो, खरंच झालं. दुसरी पायरी आपल्या हातात आहे. किती गावांत हा ठराव वाचून, विचारून झाला आणि किती ठिकाणी सह्यांसाठी रजिस्टर घरोघरी फिरलं, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरतं आठवून पाहावं.

तसाच ग्रामपंचायत विकास आराखडा. तो आपल्या गावाचा बॅकलॉग आहे. दरवर्षी होतो, आणि कामांचा क्रम ग्रामसभेने ठरवायचा असतो. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च मोबाईलवर दिसतो. पुढच्या ग्रामसभेत भांडण न करता तीन प्रश्न विचारा. यादीत सगळ्यात वर कोणतं काम आहे आणि का? त्याला जबाबदार एक माणूस कोण? आणि काय दिसलं की आपण ते झालं म्हणायचं? तिसऱ्याचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

भाचीने मुलाखतीत नळाचंच उदाहरण दिलं. दुसऱ्या फेरीला बोलावलं आहे, पुढचं पुढे. ज्यांच्या घरी मुलाखतीची तयारी करणारी पोरं आहेत त्यांना ही पोस्ट पाठवा. एखादा शब्द राहिला असेल तर कमेंटमध्ये विचारा, माहीत करून सांगतो. आणि तुमच्या गावात फलक लागला पण पाणी आलं नसेल, तर फलकाचा आणि तोटीचा असे दोन्ही फोटो तारखेसह पाठवा. बातमी करू.