करंगळी सोडून

ब्लाउज शिवणं आणि साड्यांना फॉल-बिडिंग करणं, यावर माझं घर चालतं. हात दुखणारच, हे मी धंद्याबरोबरच पत्करलं होतं आणि तिथंच फसले.

सुरुवात रात्रीच्या मुंग्यांनी झाली. हात बधिर होऊन जाग यायची, झटकला की बरं वाटायचं. ऐन लग्नसराईत डॉक्टरकडे कोण जातंय? कुणी वात म्हणालं, तेल चोळलं. कुणी मानेचं म्हणालं, उशी काढली. मनगटाला क्रेप बँडेज करकचून बांधलं आणि तशीच कापड बेतत बसले. आधीच दाबल्या गेलेल्या नसेला मीच आणखी आवळत होते. ब्लाउजचे हुक चिमटीत धरता येईनात, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘‘करंगळीला मुंग्या येतात का?’’ येत नव्हत्या. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. बोटं मिटणाऱ्या 9 कंडरा आणि मीडियन नस त्यातूनच जातात. ही नस अंगठा, पहिली दोन बोटं आणि अर्धी अनामिका सांभाळते. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते. मिनिटभर मनगट वाकवून धरायला लावलं, तेवढ्यात मुंग्या हजर. कार्पल टनेल सिंड्रोम. रक्तात साखरही वाढलेली निघाली. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही हा त्रास बळावतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, त्यातही मी शहाणपणा केला. रात्री उकडतं म्हणून काढायचे आणि दिवसा बांधून कात्री चालवायचे. खरं तर झोपेत मनगट मुडपतं, म्हणून तो रात्रीच हवा.

शेवटी उजव्या हाताचं ऑपरेशन करावं लागलं. मुंग्या थांबल्या, पण अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बसला तो पुरता भरून आला नाही. बारीक हातशिलाई आता दुसरीकडे देते.

डाव्या हाताची तक्रार मात्र वेळीच ऐकली. त्याला रात्री पट्टा असतो. बोथट कात्रीवर जोर लावत बसण्याऐवजी तिला धार लावून घेते. कापड मांडीवर न घेता टेबलावर बेतते, मनगट सरळ राहतं. एक ब्लाउज झाला की थोडा वेळ हात मोकळे सोडते. ओली चादर एकटीनं पिळत नाही. साखर ताब्यात ठेवली आहे. एवढं करून त्रास होणारच नाही, अशी हमी कुणी देत नाही. पण डावा हात अजून ऑपरेशनवाचून चालला आहे.

शिवण, पोळ्या, ड्रिलिंग, काहीही करत असाल. रात्री मुंग्यांनी जाग येत असेल आणि करंगळी तेवढी शाबूत असेल, तर सीझन संपायची वाट पाहू नका. गिऱ्हाईक थांबतं, नस थांबत नाही.